अर्चीचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही

'सैराट' सिनेमातली अर्ची म्हणजे रिंकू राजगुरू आणि परशा म्हणजे आकाश ठोसर. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करणं हा आमच्या मुलखाचा अपमान आहे, असं मी बरीच वर्षं मानत होते आणि भेटेल त्याला ठासून सांगतही होते. आज माझं तसं मत नाही. अर्ची कुणालाही करता आली पाहिजे, पुन्हा पुन्हा करता आली पाहिजे, असं आता मला मनापासून वाटतं. हा बदल एका दिवसात झाला नाही. तो कसा झाला, ते सांगायला हवं, कारण माझं जुनं मत आमच्या भागात आजही अनेकांचं आहे आणि त्यामागचं प्रेम खरं आहे.

मी करमाळा तालुक्यातल्या जेऊरची. म्हणजे माहेर अक्कलकोटकडचं, पण लग्न होऊन इथं आले, इथल्याच शाळेत शिकवलं आणि इथलीच झाले. 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे आमच्या जेऊरचे. त्यामुळे 'सैराट' २९ एप्रिल २०१६ला लागला तेव्हा आम्हाला तो सिनेमा वाटलाच नाही. पडद्यावर करमाळा तालुका दिसत होता. उजनीचं पसरलेलं पाणी, ऊस, केळीच्या बागा, खोल विहीर, वाळून गेलेली झाडं, आणि गावाचं नावही बिटरगाव, जे आमच्या तालुक्यात खरोखरच आहे. मराठी सिनेमातलं खेडं आम्ही लहानपणापासून पाहत होतो. पण ते खेडं कुठल्याच एसटीच्या पाटीवर नसायचं. तिथली माणसं आमच्यासारखी बोलायची नाहीत, बोलली तर ती हसवण्यापुरती. इथं पहिल्यांदा आमच्या बोलीत प्रेम केलं गेलं, भांडण झालं, धमकी दिली गेली आणि रडलंही गेलं.

आणि अर्ची! बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर घेऊन थेट शेतात जाणारी, पोरांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. माझ्या वर्गातल्या मुली त्या उन्हाळ्यानंतर वेगळ्या चालायला लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ती अर्ची अकलूजची शाळकरी मुलगी होती, माळशिरस तालुक्यातली, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. त्याआधी ती कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नव्हती. सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, रिंकूच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारात विशेष दखल घेतली गेली, मराठी सिनेमानं पहिल्यांदा शंभर कोटींच्या आसपास कमाई केली. हे सगळं आमच्या घरचं कार्य असल्यासारखं आम्ही मिरवलं.

मग रिमेकच्या बातम्या यायला लागल्या. कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि शेवटी हिंदी. हिंदीत शशांक खेतान दिग्दर्शक, जान्हवी कपूर आणि ईशान खट्टर ही जोडी, नाव 'धडक'. जेऊरच्या स्टँडवर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत हाच विषय. जान्हवीला बुलेट जमेल का? ईशान विहिरीत उडी मारताना परशासारखा दिसेल का? परशाचे दोस्त सल्या आणि लंगड्या कोण करणार? मी या वादात सगळ्यांत पुढं असायची. "रिंकूशिवाय अर्ची नाही" हे माझं ठरलेलं वाक्य होतं आणि त्यावर कुणी वाद घालत नसे.

२० जुलै २०१८ला 'धडक' लागला. पाहून बाहेर आले ती चिडूनच. घरी भाचा आला होता, भावाचा मुलगा, पुण्याला शिकणारा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत्या, मला एवढंच सांग. यात जान्हवीच्या जागी रिंकूच असती, बाकी सगळं हेच असतं, तर तुला आवडला असता का?"

मी लगेच "हो" म्हटलं. पण रात्री तो प्रश्न मनातून गेला नाही, कारण त्याचं उत्तर आधीच पडद्यावर येऊन गेलं होतं. 'सैराट'चा कन्नड रिमेक, 'मनसु मल्लिगे', २०१७ साली आला. एस. नारायण यांनी तो केला आणि नायिका होती रिंकू राजगुरूच. अक्कलकोटकडची असल्यामुळे कन्नड मला कळते. मी तो सिनेमा मोठ्या आशेनं पाहिला होता. चेहरा तोच, डोळे तेच, मान ताठ करून बघण्याची लकबही तीच. तरी त्यात मला माझी अर्ची भेटली नाही. तेव्हा मी त्यावर फार विचार केला नव्हता, 'भाषेमुळे असेल' म्हणून सोडून दिलं होतं. भाच्याच्या प्रश्नानं मला तिथं परत नेलं. अर्ची जर रिंकूच्या चेहऱ्यात असती, तर ती कन्नडमध्येही दिसायला हवी होती.

मग मी 'धडक'कडे पुन्हा, थोड्या शांतपणे पाहिलं. काय निसटलं होतं? 'सैराट'मध्ये पाटलाचा पोरगा, अर्चीचा भाऊ, वर्गात कविता शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो आणि त्याबद्दल त्याला घरी कुणी जाब विचारत नाही. त्या एका प्रसंगात आमच्या गावातली सत्ता कशी चालते, ते सगळं येतं. कोण कुणाच्या बांधावर बसतं, कुणाच्या दारात चप्पल काढायची, कोण कुणाला अरे-तुरे करतं, हे त्या सिनेमाच्या हाडात आहे. परशाचं घर मासेमारी करणारं, अर्ची पाटलाची, आणि हे अंतर प्रत्येक दृश्यात मोजलेलं आहे. 'धडक'मध्ये गोष्ट उदयपूरला गेली. मुलीचा बाप राजकारणातला बडा माणूस, मुलाच्या घरचं खाण्याचं हॉटेल. जात उरली ती एखाद-दुसऱ्या वाक्यापुरती. ज्या भिंतीवर डोकं आपटून दोघं मरायची, ती भिंतच इतकी पातळ केली की धडक बसायला काही राहिलंच नाही.

शहरातला भागही असाच. 'सैराट'मधली अर्ची हैदराबादच्या वस्तीत येते तेव्हा तिला तो वास सहन होत नाही, संडासाची अडचण होते, ती रडते, चिडते, परशाशी भांडते. नंतर बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते, स्वतःच्या पायावर उभी राहते. पाटलाची मुलगी कष्टकरी होते, हा त्या सिनेमाचा अर्धा भाग आहे. लोक 'झिंगाट' हे गाणं लक्षात ठेवतात, पण मला वाटतं अर्ची खरी घडते ती तिथं. आणि शेवट. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, ती चहा करते, आणि त्यानंतर पडद्यावरचा सगळा आवाज थांबतो. 'धडक'नं शेवट बदलला, मुलीला जिवंत ठेवलं, मुलाला आणि बाळाला मारलं. तो बदल करायचा त्यांना अधिकार होता. पण त्यामुळं भावानं बहिणीला मारण्याची जी गोष्ट होती, ती दुसरीच होऊन बसली.

म्हणजे मी ज्याचा दोष जान्हवीच्या चेहऱ्याला देत होते, तो लेखनाचा होता. ती मुलगी पहिल्याच सिनेमात उभी राहिली होती आणि तिच्या हातात जी अर्ची दिली होती, ती आधीच पोकळ केलेली होती. रिंकूलाही त्या पोकळीत काही भरता आलं नसतं.

एवढं समजल्यावर मी आपल्या नाटकाकडे वळून पाहिलं, आणि आश्चर्य वाटलं की हे मला आधी कसं सुचलं नाही. आपण मराठी माणसं तर पिढ्यान्‌पिढ्या 'रिप्लेसमेंट' बघत आलो. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७०चा. डॉ. श्रीराम लागूंचे गणपतराव बेलवलकर पाहिलेल्या माणसांना वाटलं असेल की आता हे दार बंद. पण त्यानंतर दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. प्रत्येकाचा म्हातारा वेगळा होता. कुणाचा राग मोठा, कुणाचं कोसळणं मोठं. २०१६च्या जानेवारीत नाना पाटेकरांनी तो पडद्यावर केला, म्हणजे 'सैराट'च्या अवघे चार महिने आधी. 'कट्यार काळजात घुसली'मधले खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, हे समीकरण १९६७पासूनचं. २०१५च्या सिनेमात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडेंचा. एकच भूमिका दोन माणसांत वाटली गेली, तरी नव्या पिढीनं ती डोक्यावर घेतली. ज्यांना वसंतराव माहीत नव्हते, ती पोरं त्या सिनेमानंतर वसंतरावांची जुनी ध्वनिमुद्रणं शोधून ऐकायला लागली. माझ्या घरातच हे झालं आहे.

'ती फुलराणी'चं उदाहरण तर मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. १९७५ साली भक्ती बर्वेंनी मंजुळा उभी केली. पुढं सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी ती केली. पण मुळात मंजुळा हीच एका परदेशी मुलीची जागा घेऊन आलेली. बर्नार्ड शॉच्या नाटकातली लंडनची फुलं विकणारी मुलगी पु. ल. देशपांड्यांनी इथं आणली. फक्त नाव बदलून आणली असती तर ती उपरी राहिली असती. पुलंनी तिला इथली बोली दिली, इथला राग दिला, इथला वर्गाभिमान तिच्यासमोर उभा केला. म्हणून ती आपली झाली. गोष्ट एका मातीतून दुसऱ्या मातीत नेता येते, पण तिथली माती खणावी लागते. 'धडक' बनवणाऱ्यांना उदयपूरची माती खणता आली असती. राजस्थानात जात नाही असं थोडंच आहे?

हा वाद फक्त आपला नाही, हेही मग लक्षात आलं. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही विज्ञानकथा मालिका १९६६ साली सुरू झाली. त्यातला स्पॉक म्हणजे लिओनार्ड निमॉय, असं दोन पिढ्या मानत आल्या. २००९ साली नवा सिनेमा आला तेव्हा स्पॉक झाला झॅकरी क्विंटो, आणि त्याच सिनेमात म्हाताऱ्या स्पॉकच्या रूपात खुद्द निमॉय आले. जुन्यानं नव्यासमोर उभं राहून आपली जागा त्याच्या हाती दिली. ब्रिटनमधल्या 'डॉक्टर हू'नं तर याच्या पुढची गोष्ट केली. १९६६ साली मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा लेखकांनी ठरवलं की या पात्राचं शरीरच बदलतं, माणूस तोच राहतो. त्या एका युक्तीवर ती मालिका पुढची कित्येक दशकं चालली, आणि पुढं ती भूमिका एका बाईनंही केली. आपल्याकडे २०२०च्या सुरुवातीला 'मिस्टर इंडिया' नव्यानं करायची घोषणा झाली तेव्हा मूळ दिग्दर्शक शेखर कपूर नाराज झाले, आणि आमच्या स्टाफरूममध्ये लगेच सुरू झालं, त्यातला खलनायक मोगॅम्बो कोण करणार? अमरीश पुरींशिवाय मोगॅम्बो? मी त्या चर्चेत होते, पण या वेळी बोलले नाही. माझं जुनं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला त्यातला धाक ऐकू आला होता.

तो धाक कुठला, हे मला शाळेच्या गॅदरिंगनं दाखवलं. मुलांनी 'सैराट'वर छोटं नाटुकलं बसवलं होतं. अर्ची कोण करणार, यावर शिक्षकांत कुजबुज झाली. रुबाबदार, उंच, बऱ्या घरातली एक मुलगी सगळ्यांच्या डोळ्यासमोर होती. पण मुलांनी निवडलं उजनीच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या घरातल्या एका बारक्या, काळ्यासावळ्या मुलीला. परशा झाला बागाईतदाराचा मुलगा. सायकललाच बुलेट म्हणायचं ठरलं. पडदा उघडला आणि ती मुलगी सायकलवरून अशी आली की पाठीमागच्या बायका बोलायच्या थांबल्या. तिनं रिंकूची नक्कल केली नाही. तिची अर्ची कमी बोलायची, जास्त बघायची. एका ठिकाणी तिनं परशाला हातानं बाजूला सारलं आणि स्वतः पुढं झाली, ते सिनेमात नव्हतंच. प्रेक्षकांत तिचे आईवडील बसले होते, त्यांच्यापासून दोन रांगा पुढं त्या बागाईतदार मुलाचे.

कार्यक्रम झाल्यावर मी तिला विचारलं, "रिंकूसारखं का नाही केलंस गं?"

"तसंच करायचं असतं तर व्हिडिओच लावला असता की बाई," ती म्हणाली. "मी अर्चीसारखं केलं."

त्या मुलीला मी दोन वर्षं शिकवत होते. वर्गात ती शेवटच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. पाटलाच्या पोरीची ऐट तिनं कुठून आणली, हे मला माहीत नाही. पण एक गोष्ट त्या संध्याकाळी मला लख्ख कळली. "अर्ची फक्त रिंकूचीच" हे माझं म्हणणं त्या वर्षी चाललं असतं, तर ही मुलगी स्टेजवर आली नसती.

आणि 'सैराट' तरी कसा घडला होता? नागराज मंजुळेंनी नावाजलेले चेहरे घेतले असते तर त्यांना कुणी अडवलं नसतं. त्यांनी आधीच्या 'फँड्री' सिनेमातल्या जब्यासाठी जेऊरच्या शेजारच्या केम गावातला हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे घेतला, आणि त्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'साठी अकलूजची शाळकरी मुलगी घेतली, कुस्तीच्या तालमीतला पोरगा घेतला. पुढं 'झुंड'मध्ये अमिताभ बच्चन यांच्या बरोबरीनं नागपूरच्या वस्तीतली मुलं उभी केली. या माणसाच्या सगळ्या कामाचा गाभाच हा आहे की पडद्यावरची जागा कुणाच्या वारशाची नाही. ज्याला आजवर कुणी विचारलं नाही, त्याला विचारायचं. आणि आम्ही, त्यांच्याच गावची माणसं, काय करत होतो? त्यांनी उघडलेल्या दारात उभं राहून पुढच्या माणसाला 'आता बास' म्हणत होतो. चांगल्या भूमिकेवर सातबाऱ्यासारखं एकच नाव चढवायचं आणि बाकीच्यांनी बांधावरून बघायचं, हीच तर ती वृत्ती, जिच्याविरुद्ध 'सैराट' बनला.

स्वतः रिंकू आणि आकाश त्या नावातून केव्हाच पुढं गेले. 'झुंड'मध्ये रिंकू पासपोर्टसाठी धडपडणारी मोनिका झाली. आकाश त्यातला नकोसा वाटणारा संभ्या झाला, परशाचं नावनिशाण त्यानं ठेवलं नाही. त्या दोघांना दुसरं काही व्हायचं होतं, तो त्यांचा हक्क होता. आपण त्यांना अर्ची-परशा म्हणून बांधून ठेवतो तेव्हा प्रेम आपलं असतं आणि ओझं त्यांचं.

माझ्या जुन्या मतातलं सगळंच मी टाकून दिलेलं नाही. एक भीती खरी होती आणि आजही आहे. मोठ्या पैशाचा सिनेमा जेव्हा छोट्या गावाची गोष्ट उचलतो, तेव्हा आधी तो त्यातली माणसं बदलतो, मग बोली, मग जात, आणि शेवटी फक्त गाणी उरतात. तेव्हा रागवायलाच हवं. पण राग योग्य जागी लागला पाहिजे. 'ही मुलगी अर्ची दिसत नाही' असं म्हणून उपयोग नाही. 'तुमच्या गोष्टीत लोखंडे सरांना कोण मारतं? ही मुलगी कुठल्या भिंतीविरुद्ध उभी आहे? हिला शोधायला तुम्ही कुठं गेला होता?' हे विचारायला हवं. चेहऱ्यावर भांडलो की बनवणारे सुटतात, कारण चेहऱ्याची चर्चा त्यांना जाहिरातीसारखी उपयोगी पडते. पोटातल्या गोष्टीवर भांडलो की त्यांना उत्तर द्यावं लागतं.

कधीतरी 'सैराट' पुन्हा बनेल. गाजलेल्या गोष्टींचं तसंच होतं. त्या दिवशी स्टँडवर, स्टाफरूममध्ये पुन्हा वाद पेटेल आणि कुणीतरी मला विचारेल, बाई, रिंकूशिवाय अर्ची कशी व्हायची? मी सांगेन, होईल. केममध्ये शोधा, कंदरमध्ये शोधा, पाण्याकडेच्या वस्त्यांवर शोधा, परराज्यात नेणार असाल तर तिथल्या शेवटच्या बाकावर शोधा. तिला भिंत खरी द्या. मग ती कुणाही घरची असो, तिच्यासाठी तिकीट काढणाऱ्या रांगेत मी पहिली उभी असेन.